गीझर शहाणा की आपण?

बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर वसले आहे. थंडीत येथे खोल्या तापवाव्या लागत नाहीत. आंघोळीचे पाणी मात्र तापवावेच लागते. पूर्वी हे काम बंब करी, आता अनेक घरी गीझर करतो. त्याला मोबाइलवरून चालणारे ‘स्मार्ट’ बटण जोडले की वीजबिल उतरते, असे सांगतात. हे कितपत खरे?

हिशेब करून पाहू. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवण्यास ३०० किलोकॅलरी उष्णता लागते. विजेचे एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. म्हणजे बादलीमागे सुमारे ०.३५ युनिट. बटण कितीही शहाणे असो, पाण्याची विशिष्ट उष्णता बदलत नाही!

मग बचत होते कोठे? गीझर दिवसभर चालू राहिला, तर टाकीतली उष्णता हवेत जाते, पाणी निवते आणि तापनियंत्रक वीज पुन्हा सुरू करतो. ही गळती टाळता येते. २००० वॅटच्या गीझरला बादलीभर पाण्यासाठी साधारण ११ मिनिटे पुरतात. विसराळू घरात आपोआप बंद होणारे बटण उपयोगी खरेच. पण ते स्वतः सतत एक वॅट घेत असेल, तर ३० दिवसांत ०.७२ युनिट, म्हणजे दोन बादल्यांची वीज, तेच खाते.

म्हणून माझे मत असे, की आधी मीटर वाचावा. एक आठवडा नेहमीसारखा, दुसरा आठवडा गीझर वेळेवर हाताने बंद करून. दोन्ही आकडे वहीत मांडा. फरक दिसला, तर शहाणपण विकत आणण्याची गरज उरणार नाही.