गेला म्हणून रागवायचं?

एप्रिल २०२५ मध्ये यशस्वी जयस्वालने गोव्याकडून खेळण्यासाठी मुंबईकडे ना-हरकत प्रमाणपत्र मागितलं, तेव्हा इथे बुओना व्हिस्टातल्या आमच्या चहाच्या टेबलावर एकच सूर होता : "मुंबईने घडवलं आणि हा निघाला!" मे महिन्यात त्याने विनंती मागे घेतली, मुंबईनेही ते मानलं. मग पृथ्वी शॉ मुंबई सोडून महाराष्ट्राच्या संघात गेला. पुन्हा तीच कुरकुर.

पण मंडळी, बोलणारे आपण कोण? यशस्वी मुळात भदोहीहून मुंबईत आला तो संधीसाठीच. आपण सिंगापूरला आलो तेही त्यासाठीच ना? पोरं जाणारच. परत यावंसं वाटलं तर दार उघडं असावं, एवढंच घराने बघावं.