पावती कोणाच्या नावावर?

गेल्या महिन्यात पुस्तके आणायला भेंडीबाजारात गेलो होतो. मान वर करून पाहिले, तर उंच इमारतींनी आभाळच अडवलेले. पूर्वी इथे खाली दुकान, मागे कारखाना आणि वर बिऱ्हाड असे. आता नकाशावर याला ‘मिश्र वापर’ म्हणतात. आमच्या मामूंना हा शब्द माहीत नव्हता. दुकानाची फळी लावून ते जिना चढले, की घर!

सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टने 2009 पासून हाती घेतलेले हे काम साडेसोळा एकरांचे आहे. सुमारे 250 जुन्या इमारती, 3,200 कुटुंबे आणि 1,250 दुकाने त्यात येतात. भाडेकरूला किमान 350 चौरस फुटांचे घर मिळते, तेही मालकीने. सार्वजनिक संडासाच्या रांगेत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांनाच त्याचे मोल कळेल. शिवाय 31 ऑगस्ट 2017 रोजी पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळून 33 माणसे गेली. जुन्या जिन्यांच्या आठवणी काढणाऱ्यांनी, त्यात आम्हीही आलो, हे विसरू नये.

आमचा जीव मात्र अडकला आहे जवळच्याच दुसऱ्या एका गल्लीत. तिथे आमच्या कोकणातल्या गावच्या जमातीची खोली आहे. जहाजावर नोकरी शोधायला आलेली पोरे तिथे उतरत. भिंतीला ट्रंका, जमिनीवर चटया, झोपायच्या पाळ्या. भाडेपावती गावातल्या एका चाचांच्या नावावर केली, कारण तेव्हा सही करता येणारे तेच होते. चाचा अल्लाहला प्यारे होऊन कित्येक वर्षे झाली. आता ती इमारतही पाडायची आहे आणि सर्व्हेवाले विचारतात, खोली कोणाची? नातू म्हणतात, पावती आमच्या दादांची. गाव म्हणते, भाडे आम्ही भरले.

1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे राहत्या जागेचा भाडेहक्क मृत भाडेकरूसोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो; तसे कोणी नसेल तर वारसाकडे. त्यात गाव नावाचा वारस नाही. मंडळी, तुमच्याही घरी अशी जुनी पावती असेल तर आजच काढून बघा. नाव कोणाचे आहे, त्यांच्या मुली कुठे आहेत, त्यांना कोणी विचारले आहे का? बहिणींची आठवण बहुधा सहीपुरतीच येते, हे आम्ही आमच्याच नात्यात पाहिले आहे.

जमातीकडे वर्गणीची वही निघाली. उर्दूत, तीही घाईच्या अक्षरात. वकिलांना मराठीत हवी, म्हणून ती आमच्याकडे आली. शाळा सुटल्यावर रोज चार पाने उतरवतो. नाव, महिना, दोन रुपये. चाचांचे नावही दर महिन्याला आहे, इतरांसारखेच, दोन रुपयांसमोर.

थोरल्या नातवाला ते पान दाखवले. तो आमचाच विद्यार्थी. बराच वेळ अक्षर बघत राहिला आणि म्हणाला, ‘सर, याची झेरॉक्स मिळेल?’ कशासाठी, ते आम्ही विचारले नाही. अजून निम्मी वही बाकी आहे आणि सर्व्हेवाले शनिवारी पुन्हा येणार आहेत.