सगळ्याला ‘ॲसिडिटी’ म्हणू नका

घरातला औषधांचा डबा उघडून बघा. तापाच्या गोळ्यांशेजारी ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी असणारच, आणि बहुधा ती अर्धी संपलेली असेल. छातीत जळजळ, करपट ढेकर, पोट फुगणं, लग्नातलं जेवण अंगावर येणं, सगळ्यावर तीच एक गोळी. मला वाटतं, घोळ इथेच आहे. चार वेगवेगळ्या त्रासांना आपण एकच नाव देऊन टाकलंय.

जठरातलं आम्ल हा आजार नाही. त्याच्यामुळे प्रथिनांचं पचन सुरू होतं आणि अन्नाबरोबर आलेले बरेच जंतू मरतात. जठराला आतून चिकट आवरण असतं, म्हणून ते सुरक्षित राहतं. अन्ननलिकेला तितकं संरक्षण नसतं. दोघांच्या मध्ये असलेली स्नायूंची झडप सैल पडली की आम्ल वर चढतं आणि जळजळ होते. पोटभर जेवून लगेच आडवं झालं की तर हमखास. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास जाऊ द्या, पलंगाची डोक्याकडची बाजू थोडी उंच करा, डाव्या कुशीवर झोपा. बऱ्याच जणांना एवढ्यानेच फरक पडतो. (थंड दुधाने बरं वाटतं खरं, पण घटकाभरच.)

अल्सरचं प्रकरण वेगळं. तिखट आणि टेन्शनमुळे अल्सर होतो, असं डॉक्टरही अनेक वर्षं मानत होते. १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल या तरुण डॉक्टरने हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचे जंतू असलेलं द्रावण चक्क स्वतः पिऊन टाकलं! काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या आणि जठराला सूज आली. हा जंतू जठर बिघडवतो, हे त्यांनी स्वतःच्या पोटावर दाखवलं. पुढे २००५ मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. भारतात हा जंतू खूप जणांच्या पोटात असतो, पण बहुतेकांना काही त्रास होत नाही. ज्यांना होतो त्यांच्या श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून तो सापडतो, आणि साधारण १४ दिवसांच्या औषधांनी जातो. नुसती ॲसिडिटीची गोळी घेत राहिलं तर दुखणं दबतं, जंतू मात्र तिथेच.

अल्सरचं दुसरं मोठं कारण म्हणजे वेदनाशामक गोळ्या. गुडघेदुखीसाठी आजी रोज कुठली गोळी घेतात, ते एकदा विचारा.

रोजची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ कमी होऊ शकतं. शाकाहारी घरांत ते आधीच कमी असण्याची शक्यता जास्त. पण डॉक्टरांनी दिलेली गोळी मनाने बंदही करू नका. एकदम सोडली तर जळजळ उसळून परत येऊ शकते.

डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, यातलं काहीही दिसलं तर डॉक्टरांकडे जा. रक्ताची उलटी किंवा काळी शौच असेल तर लगेच. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, तेही डॉक्टरांना सांगा.) आणि छातीत दाब, घाम, धाप, हात किंवा जबडा दुखणं असं काही असेल, तर ‘गॅस झालाय’ म्हणत सोडा पिऊन वाट बघू नका. स्त्रियांना आणि मधुमेह असलेल्यांना हार्ट अटॅक कधीकधी नुसत्या अपचनासारखाच जाणवतो. अशा वेळी स्वतः गाडी चालवत जाऊ नका, ११२ ला फोन करा.