चूक कार्यालयाची, पुरावा जवानाचा

सैन्यात जवानाच्या चुकीची नोंद सहसा राहून जात नाही. बेशिस्तीबद्दल मोठी शिक्षा झाली की वर्तनपत्रकावर लाल शाई उमटते. अशा चार लाल नोंदी जमल्या की त्याला घरी पाठवण्याचा विचार सुरू होतो. सरकारी ब्लँकेट हरवले तर त्याचे पैसे पगारातून बिनचूक कापले जातात. जवानाचे हरवलेले ब्लँकेट ज्या यंत्रणेच्या लक्षात राहते, तिला त्याने लढलेली लढाई मात्र कधी कधी आठवत नाही. निवृत्तीनंतर वर्षानुवर्षांनी कुणीतरी डिस्चार्ज बुक उघडून दाखवते आणि लक्षात येते की हक्काच्या पदकाचा त्यात उल्लेखच नाही, किंवा ज्या मोहिमेत आयुष्यातले सर्वांत कठीण महिने काढले तिचे नावसुद्धा नाही. अर्ज केला तर उत्तराचा साचा ठरलेला असतो: अभिलेखात नोंद आढळत नाही, पुरावा असल्यास जोडावा. कागद कार्यालयाचे, ते भरणारे कारकून कार्यालयाचे, चूकही कार्यालयाची, आणि पुरावा मात्र ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्याने आणायचा!

नागपूरकरांना हा विषय परका वाटायला नको. शहराला लागून असलेल्या कामठीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र आहे आणि त्याच रेजिमेंटचे रेकॉर्ड ऑफिसही. १९७१ च्या डिसेंबरात आगरतळ्याजवळच्या गंगासागरला लढलेली १४ गार्ड्स आणि हेलिकॉप्टरने मेघना ओलांडलेली ४ गार्ड्स या पलटणींच्या जवानांच्या कागदपत्रांचे घर म्हणजे कामठी. पण गार्ड्सची भरती देशभरातून होते, त्यामुळे इथे पत्रे येतात ती पंजाब, ओडिशा, झारखंडमधून. उलट काटोल, रामटेक, उमरेडच्या माजी सैनिकाचे कागद बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीकडे, सागरला महार रेजिमेंटकडे, नाशिक रोडला तोफखान्याकडे, खडकीला बॉम्बे सॅपर्सकडे नाहीतर सिकंदराबादला ईएमईकडे असतात. दारातले रेकॉर्ड ऑफिस त्याच्या कामाचे नाही आणि कामाचे आहे ते दूरच्या शहरात. मधला दुवा म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. ते अर्ज पुढे पाठवू शकते. शीट रोलमधली, म्हणजे जवानाच्या मूळ सेवापत्रकातली, एक ओळही बदलण्याचा अधिकार त्याला नाही.

नोंद सुटते कशी, हे समजले की दोष कुणाचा हेही समजते. शौर्यपदकांची घोषणा भारताच्या राजपत्रात होते, म्हणून १४ गार्ड्सचे लान्स नायक अल्बर्ट एक्का यांचे परमवीर चक्र कोणत्याही कपाटात हरवू शकत नाही. मोहिमेच्या पदकांचे तसे नसते. ती पलटणीने पाठवलेल्या नावांच्या याद्यांवरून मिळतात आणि पार्ट टू ऑर्डर हा नोंदीचा आदेश निघाल्यावर रेकॉर्ड ऑफिसातल्या शीट रोलवर चढतात. यादी ते शीट रोल या वाटेवर नाव कुठेही गळू शकते. जवान दुसऱ्या पलटणीला जोडलेला होता, तेव्हा मूळ पलटणीला वाटले की ते पाठवतील आणि त्यांना वाटले की हे पाठवतील. यादी तयार होत असताना कुणी लष्करी रुग्णालयात होता. कुणाच्या सेवा क्रमांकातला एक आकडा इकडचा तिकडे झाला. लढाई संपली की पलटण पुढच्या ठिकाणी निघते. कारकुनाची पेटीही तिच्याबरोबर निघते.

या पदकांतला एक फरक तर नीट ध्यानात घ्यायला हवा. १९७१ च्या युद्धासाठी संग्राम मेडल दिले गेले आणि त्याखेरीज पूर्वी स्टार व पश्चिमी स्टारही. मेडल त्या वेळी ठरावीक सेवा झालेल्या सर्वांसाठी होते, मग जवान डेपोत का असेना. स्टार मात्र लढाईच्या ठरवून दिलेल्या क्षेत्रात प्रत्यक्ष असणाऱ्यांसाठी. १९६५ साली रक्षा मेडल आणि समर सेवा स्टार अशीच विभागणी होती. म्हणजे ज्याच्या कागदावर मेडल आहे पण स्टार नाही, त्याच्याबद्दल सरकारी दप्तर सांगते की युद्ध झाले तेव्हा हा सैन्यात होता, पण युद्धात नव्हता. गावात ज्याच्या तोंडून चार पिढ्यांनी मेघनेची गोष्ट ऐकली, तो कागदावर त्या काळात बराकीत बसलेला ठरतो. श्रीलंकेत १९८७ ते १९९० या काळात शांतिसेनेबरोबर गेलेल्यांचेही असेच. विशेष सेवा मेडलवरची ‘श्रीलंका’ ही पट्टी नोंदीत नसेल, तर पुढे कोणी विचारले की तुम्ही जाफन्याला होता कशावरून, तर म्हातारा दाखवणार काय?

हा केवळ मानापानाचा प्रश्न आहे असे समजून कार्यालये तो बाजूला सारतात. तसे ते नाही. कुठे नेमणूक होती, यावर अपंगत्व निवृत्तिवेतनाचे बरेच काही ठरते. जखम लढाईतली की अपघाती, आजार सेवेमुळे झाला की अंगचाच, हे ठरवताना वैद्यकीय मंडळ जवानाच्या फील्ड एरियातल्या नेमणुका पाहते. बर्फात काढलेल्या वर्षांची नोंदच नसेल तर बोटे गेली ती कशाने, हे सांगायला शब्द उरत नाहीत. विधवेचे कुटुंब निवृत्तिवेतन साधे की उदारीकृत, हाही प्रश्न त्याच कागदांपाशी येऊन थांबतो. शौर्यपदकांवर तर दरमहा रोख भत्ता आहे. २०१७ पासून परमवीर चक्राला २०,००० रुपये, वीर चक्राला ७,००० रुपये आणि शौर्यासाठीच्या सेना मेडलला २,००० रुपये. कागदावरची एक ओळ अशी थेट चुलीपर्यंत पोहोचते.

विदर्भात त्यावर आणखी एक गाठ बसते. १९७१ साली भरती झालेल्याच्या कागदावर जिल्हा चंद्रपूर किंवा भंडारा असतो. गडचिरोली जिल्हा झाला १९८२ साली, गोंदिया १९९९ साली. आधार कार्डावर जिल्हा एक, शीट रोलवर दुसरा. त्यात नावाचे स्पेलिंग त्या वेळच्या कारकुनाने कानावर पडले तसे लिहिलेले आणि आडनाव बऱ्याचदा गाळलेलेच. स्पर्श या प्रणालीवर निवृत्तिवेतनाची जुनी माहिती चढवली गेल्यापासून अशा विसंगती ढिगाने वर आल्या. पदकाच्या दुरुस्तीसाठी निघालेला माणूस आधी आपण तोच आहोत हे सिद्ध करण्यात अडकतो.

आता या सगळ्यातली सर्वांत कडू गोष्ट. सैन्याच्या विनियमांतील परिच्छेद ५९५ प्रमाणे निवृत्तिवेतन न मिळणाऱ्या जवानांचे सेवा अभिलेख २५ वर्षांनी नष्ट केले जातात. जवानाला निवृत्तिवेतनासाठी साधारण १५ वर्षांची सेवा लागते. त्याआधी बाहेर पडलेला, म्हणजे १९७१ ला लढून १९७५ ला घरी आलेला जवान घ्या. २००० साली त्याचे कागद गेले. निवृत्तिवेतन नसल्यामुळे उतारवयात ज्याला शासनाच्या सवलतींसाठी सेवेचा दाखला सर्वांत जास्त लागणार, त्याचाच कागद सर्वांत आधी फाडला जातो. आणि मग त्यालाच लिहिले जाते: पुरावा जोडावा. एकाने कागद जाळायचे आणि दुसऱ्याने राखेतून अक्षरे वेचायची, असा हा न्याय आहे.

न्यायालयांनी याबाबतीत अर्धी वाट मोकळी केलेली आहे. धर्मवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली निवृत्तिवेतनाच्या हक्काविषयीच्या १९८२ च्या नियमांवर बोट ठेवून सांगितले, की भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेत उद्भवला तर तो सेवेमुळे नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची. जवानाने सिद्ध करत बसायचे नाही. आजाराला जे तत्त्व लागू होते ते नोंदीला लावायला काय हरकत आहे? पण दुसरीकडे तरसेम सिंग खटल्यातल्या २००८ च्या निर्णयाचा आधार घेऊन थकबाकी बहुधा अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच दिली जाते. कार्यालयाने तीस वर्षे चूक वागवली तरी भरपाई तीन वर्षांचीच. उरलेल्या सत्तावीस वर्षांचा दंड जवानाच्या घरावर.

दाद मागायची तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, महाराष्ट्रासाठीचे पीठ मुंबईत. तिथे काय होऊ शकते याचे उदाहरण म्हणजे ब्रिगेडियर देविंदर सिंग. कारगिल युद्धात बटालिक विभागातल्या ७० इन्फंट्री ब्रिगेडचे ते प्रमुख. त्यांच्या कामगिरीचा अहवाल वरिष्ठांनी पक्षपाताने लिहिला, असा निष्कर्ष काढून दिल्लीच्या मुख्य पीठाने २०१० साली तो अभिलेखातून काढायला आणि युद्धाच्या इतिहासातली नोंद दुरुस्त करायला सांगितले. युद्ध झाल्यावर अकरा वर्षांनी! हे ब्रिगेडियरला जमले. भामरागडच्या शिपायाच्या विधवेने एका स्टारसाठी मुंबईचा वकील लावावा, अशी अपेक्षा कोणी करू नये.

अमेरिकेने १९४६ साली कायद्याने सेवा अभिलेख दुरुस्तीची मंडळे स्थापन केली. त्यांत गणवेशातले अधिकारी नसतात, नागरी सदस्य असतात. तिथेही अर्जदाराकडे पुरावा मागतातच. पण १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसच्या अभिलेखागाराला आग लागून १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली जळाल्या, तेव्हा सरकारने पगाराची बिले, पलटणींचे रोजचे अहवाल आणि रुग्णालयांच्या नोंदी धुंडाळून माणसांची सेवा पुन्हा उभी करण्याचे काम अंगावर घेतले. आपल्याकडे आग लागावी लागत नाही. नियमानेच कागद जातात आणि ती जुळणी कुणी करत नाही.

खोटे दावे येतील, हा आक्षेप खरा आहे. न केलेल्या पराक्रमाची पदके छातीवर लावून मिरवणारे सगळ्या देशांत सापडतात. म्हणून पडताळणी हवीच. मुद्दा एवढाच, की ती करण्याची साधने कार्यालयाच्या हातात आहेत, जवानाच्या नाहीत. पलटणीची वॉर डायरी सरकारकडे आहे. संरक्षण मंत्रालयाने २०२१ साली युद्धविषयक अभिलेख जपण्याचे आणि साधारण २५ वर्षांनी खुले करण्याचे धोरण जाहीर केले आहे. लढाईच्या क्षेत्रातल्या सवलती आणि भत्ते कुणाला दिले याचा हिशेब वेतन लेखा कार्यालयाकडे असतो, आणि त्या विभागाने कुणाला रुपयाही जास्त दिला नसणार. जखमी कुठे दाखल झाला, हे लष्करी रुग्णालयाला ठाऊक. या तीन वह्या शेजारी ठेवल्या तर खरा कोण, खोटा कोण हे एका दुपारी कळेल. म्हाताऱ्याला मात्र तीनपैकी एकही वही उघडता येत नाही. माहितीच्या अधिकारात विचारले तरी बहुधा त्याच शीट रोलची छायाप्रत हाती येते, ज्यात नोंद नाही म्हणून तो विचारत होता.

तेव्हा मागणी मोठी नाही. पलटण मोहिमेत होती आणि जवान त्या तारखांना पलटणीच्या पटावर होता, एवढे दिसले की स्टार त्याचा मानावा. तो तिथे नव्हता असे म्हणायचे असेल तर ते कार्यालयाने दाखवावे. ‘नोंद आढळत नाही’ हे अंतिम उत्तर समजू नये. कोणकोणत्या वह्या पाहिल्या ते लिहून नव्वद दिवसांत सकारण उत्तर द्यावे. चूक कार्यालयाची निघाली तर थकबाकी पूर्ण द्यावी. सेवानिवृत्तीच्या आधी प्रत्येक जवानाला त्याचा शीट रोल त्याला कळेल अशा भाषेत वाचून दाखवावा, कारण पलटण जागेवर आणि साक्षीदार शेजारच्या खाटेवर असतात तेव्हाच चूक सुधारणे सोपे असते. पेन्शन अदालती भरतात तशा नोंदींच्या अदालतीही भराव्यात, आणि गार्ड्सचे रेकॉर्ड ऑफिस व नागपूरचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय इतके जवळ असताना पहिली कामठीत भरायला काही अडचण दिसत नाही. बेळगाव, सागर आणि नाशिक रोडचे प्रतिनिधी दोन दिवस तिथे येऊन बसले तर अर्ध्या विदर्भाची पायपीट वाचेल.

हे आत्ताच का, याचे कारण अग्निपथ. या योजनेची पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला दाखल झाली. चार वर्षांनी त्यातले जास्तीत जास्त चतुर्थांश कायम होणार. बाकीचे निवृत्तिवेतनाविना घरी. आजवर अल्पसंख्य असलेला बिनपेन्शनीचा माजी सैनिक यापुढे दरवर्षी हजारोंनी गावी परतेल आणि पंचविशीत बाहेर पडलेल्याचे कागद त्याच्या पन्नाशीत नष्ट होतील. सीमेवर त्याने काय केले, हे विचारण्याची वेळ नेमकी त्यानंतर येते. संगणकाच्या काळात एका माणसाची सेवा जपायला कपाट लागत नाही. परिच्छेद ५९५ मधली ही मुदत काढायला संसदेत विधेयक आणावे लागत नाही, संरक्षण मंत्रालयाची दुरुस्ती पुरते. विदर्भातल्या खासदारांनी पुढच्या अधिवेशनात पदकांवर भाषणे करण्याऐवजी ही एक दुरुस्ती मागावी, आणि ती कोणत्या तारखेपर्यंत होईल हे मंत्र्यांकडून सभागृहात वदवून घ्यावे.