बाबागाडीजवळ कोण बसणार?

ईदच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आणि मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या घरांमध्ये सहलीचे बेत शिजतात. १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले तेव्हा मुंबईतल्या मुलांना खाडी ओलांडून नेणाऱ्या लाँचचेही अप्रूप होते. ते आता बंद आहे. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झाले आणि मुंबई-पुण्याच्या मधोमध एका दिवसाच्या सहलीचे नवे ठिकाण मिळाले. मुंब्रा, भिवंडी, कोंढवा, महाड, सगळीकडून आपली कुटुंबे तिथे जातात. आखातात नोकरीला असलेले कोकणी भाऊबंद दुबईतल्या थीम पार्कांतून मुलांचे फोटो पाठवतात.

बेत ठरताना तिकिटाचा दर, गाडीचे भाडे, जेवण हलाल मिळेल का, नमाजला जागा कुठे, हे सगळे विचारले जाते. दीड-दोन वर्षांच्या मुलाला दिवसभर कोण उचलणार, हे मात्र कोणी विचारत नाही. उत्तर सगळ्यांनी गृहीत धरलेले असते. अम्मी उचलेल. ती दमली की नानी, नाहीतर फुफी.

माझे म्हणणे साधे आहे. थीम पार्कला जाताना बाबागाडी घ्यायची की नाही, घ्यायची तर कोणती, ती कोण ढकलणार आणि पाळण्यांच्या रांगेबाहेर तिच्याजवळ कोण बसणार, हे चारही प्रश्न एकच आहेत. त्यांची उत्तरे दुकानात जाण्याआधी घरात ठरली पाहिजेत. तशी ती ठरली तर त्या दिवशी घरातल्या बाईलाही सुट्टी मिळते. नाही ठरली तर सगळे फिरून येतात आणि ती नेहमीचेच काम दुसऱ्या जागी करून परतते.

"हे सगळे चोचले आहेत, आमच्या आयांनी आम्हाला कमरेवरच वाढवले," असे मोठी माणसे म्हणतात. खरे आहे, वाढवले. पण त्या आयांना आपण त्यांची कंबर कधी विचारली? वर्षाचे मूल साधारण नऊ-दहा किलोचे असते, दोन वर्षांचे बारा किलोच्या आसपास. हे वजन घेऊन उन्हात सहा-सात तास चालायचे, दुसऱ्या हातात पाण्याच्या बाटल्या आणि दुपट्यांची पिशवी, अंगावर बुरखा किंवा साडी, आणि मोठे मूल गर्दीत सुटू नये म्हणून त्याच्यावर नजर. सिझेरियन झालेल्या बाईला तर डॉक्टरच सुरुवातीला वजन उचलू नका म्हणून सांगतात. घरातल्या एखाद्या पुरुषाने दहा किलो तांदळाची पिशवी कडेवर घेऊन दुपारभर उभे राहून पाहावे. मग चोचले कशाला म्हणायचे ते ठरवू.

बाबागाडीला सामान्य घरात जागा मिळाली तीही वजनामुळेच. आधीच्या बाबागाड्या म्हणजे अवजड पाळणेच होते. ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश अभियंत्याने १९६५ मध्ये छत्रीसारख्या मिटणाऱ्या हलक्या बाबागाडीचे पेटंट मागितले. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर त्यांनी काम केले होते. हलके पण मजबूत, आणि मिटून आत जाणारे, हे तंत्र त्यांनी नातवंडांच्या गाडीला लावले. त्यांची पहिली गाडी तीन किलोपेक्षाही कमी वजनाची होती. मुलाला घेऊन बसमध्ये, आगगाडीत, विमानात चढणे शक्य झाले ते अशा गाड्यांमुळे. त्यांनी आईला घराबाहेर पडण्याची मोकळीक दिली, हे मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते.

आता निवडीकडे येऊ. बाबागाडी निवडताना पार्कातल्या गुळगुळीत वाटांपेक्षा घरापासून पार्कापर्यंतचा रस्ता आधी डोळ्यांसमोर आणा. लोकलने खोपोलीपर्यंत जाणार असाल तर स्टेशनचे जिने आहेत, डब्यातली गर्दी आहे, पुढे रिक्षा आहे. तिथे एका हाताने मिटणारी, सहा-सात किलोच्या आतली गाडी हवी. कडेवर मूल असताना दोन्ही हातांनी कळा दाबून मिटवावी लागणारी गाडी प्लॅटफॉर्मवर निरुपयोगी ठरते. दुकानदाराला ती मिटवून दाखवायला सांगू नका. मूल कडेवर घेऊन स्वतः मिटवून पाहा. भाड्याच्या गाडीने थेट दारापर्यंत जाणार असाल, तर थोडी जड पण मोठ्या चाकांची गाडी चालेल. लहान प्लास्टिकची चाके पेव्हर ब्लॉकच्या फटींत आणि खडीत अडकतात, मोठी चाके सहज निघतात.

मग मुलाचे वय पाहा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला बसते करणारी गाडी चालत नाही, त्याची मान आणि पाठ तेवढी तयार नसते. त्याला पाठ पूर्ण आडवी होणारी गाडी लागते. वर्ष-दोन वर्षांचे मूल दुपारी झोपणारच, त्यामुळे पाठ बरीच मागे जायला हवी. पट्टे खांद्यांवरून, कमरेवरून आणि पायांमधून येणारे, म्हणजे पाच ठिकाणी बांधणारे असावेत. ब्रेक पायाने सहज लागतो का ते पाहा.

उन्हासाठी छप्पर मोठे घ्या. त्यावरून ओढणी किंवा दुपटे टाकून गाडी बंद करायची आपल्याकडे सवय आहे. ती सोडायला हवी. आत हवा कोंडते, तापते आणि बाळाला त्रास होतो. सावली हवी, पण हवाही खेळती हवी. सामानाची जड पिशवी मुठीला लटकवू नका. मूल उचलले की गाडी मागे उलटते. सामान खालच्या जाळीत ठेवा. बुरख्याचा घेर किंवा ओढणीचे टोक चाकात जाणार नाही, याकडेही लक्ष असू द्या.

दोन लहान मुले असतील तर शेजारी-शेजारी दोन बैठकांची गाडी मोहात पाडते. ती रुंद असते, हे विसरू नका. अमेरिकेतल्या डिस्नी पार्कांनी १ मे २०१९ पासून ७९ सेंटिमीटरपेक्षा रुंद आणि १३२ सेंटिमीटरपेक्षा लांब बाबागाड्या आत आणायला मनाई केली, आणि मुलांना बसवून ओढायच्या वॅगन गाड्याही बंद केल्या. गर्दीत वाट अडते म्हणून. परदेशातल्या पार्कात जाणाऱ्यांनी टेप घेऊन गाडी मोजावी. इथे राहणाऱ्यांनी आपल्या चाळीचा जिना आणि इमारतीचे दार मोजावे. बऱ्याच घरांत एका मागे एक बैठक असलेली अरुंद गाडी जास्त सोयीची पडेल. एकदाच्या सहलीसाठी विकत घेणे पटत नसेल, तर पार्कात भाड्याने मिळते का, किती मिळतात, ते तिकीट काढण्याआधी फोन करून विचारा.

इथपर्यंतचे कोणीही सांगेल. पण निवडीतला एक मुद्दा दुकानात कोणी सांगत नाही. गाडीची मूठ कोणाच्या उंचीची आहे? मूठ वर-खाली होत नसेल तर उंच माणसाला वाकून ढकलावी लागते, आणि मग "मला नाही जमत, तूच धर" हे वाक्य तयारच असते. म्हणून दुकानात नवरा-बायको दोघांनी जा आणि दोघांनी ती ढकलून पाहा. मूठ कमी-जास्त होणारी असेल तर बापाकडे एक सबब कमी उरते.

आपल्या मोहल्ल्यांत बाबागाडी ढकलणाऱ्या पुरुषाकडे अजून लोक वळून पाहतात. मित्र टोमणा मारतात, एखादी खाला पदराआड हसते. ज्यांना हा बदल धर्माच्या किंवा तहजीबच्या विरुद्ध वाटतो, त्यांना मी हदीसची आठवण करून देते. पैगंबर मुहंमद (स.) यांनी आपली नात उमामा हिला खांद्यावर घेऊन नमाज अदा केली. सजद्यात जाताना ते तिला खाली ठेवत आणि उभे राहताना पुन्हा उचलून घेत. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हे आहे. ते घरी काय करत, असे हजरत आयशा (र.) यांना विचारले गेले तेव्हा ते घरच्यांच्या कामात असत, असेच त्यांनी सांगितले. मशिदीत मूल खांद्यावर घेण्यात ज्यांना कमीपणा वाटला नाही, त्यांच्या उम्मतीतल्या तरुणाला पार्कात गाडी ढकलायला कमीपणा का वाटावा? आणि ज्यांना धर्माचा दाखला नको, त्यांच्यासाठी संविधानातली समतेची भाषा आहे. समता कोर्टात मागायची आणि घरच्या सहलीत विसरायची, हे चालणार नाही.

खरी परीक्षा पाळण्यांच्या रांगेपाशी होते. मोठ्या पाळण्यांना उंचीची अट असते, लहान मुलाला आत घेत नाहीत. बाबागाडी बाहेर लावायची असते. मग कोणीतरी मागे थांबतो. कोण? मी अशा सहलींत हे अनेकदा पाहिले आहे. सावलीतल्या बाकांवर बाबागाड्यांच्या शेजारी बायका बसलेल्या असतात. हातात चपला, चष्मे, मोबाइल आणि दुसऱ्यांच्या पिशव्या. नवरे, दीर, भाचे, मोठी मुले ओरडत उतरतात आणि पुढच्या रांगेकडे धावतात. संध्याकाळी सगळ्यांकडे सांगायला किस्से असतात. तिच्याकडे फोटो असतात, तिनेच काढलेले. तिच्या तिकिटाचे पैसे मात्र पूर्ण भरलेले असतात.

"तिलाच भीती वाटते, तिला नको असते," असे उत्तर येते. असेलही. पण नको म्हणण्याआधी कोणी तिला विचारले होते का? डिस्नीच्या पार्कांत यासाठी रायडर स्विच नावाची सोय आहे. एक पालक मुलाजवळ थांबतो, दुसरा पाळण्यात बसून येतो, मग अदलाबदल होते आणि थांबलेल्याला पुन्हा मोठ्या रांगेत उभे राहावे लागत नाही. आपल्याकडच्या पार्कांनीही अशी सोय ठळकपणे द्यावी, अशी मागणी ग्राहक म्हणून आपण करायला हवी. पण पार्काने दिली नाही तरी घरात पाळी लावायला कोणाची परवानगी लागते? पहिली पाळी तिची, दुसरी त्याची. आणि नानीला सोबत नेणार असाल तर पाहुणी म्हणून न्या, दिवसभराची दाई म्हणून नको.

राहिला पैशांचा प्रश्न. तो खरा आहे. जे कुटुंब वर्षभर पैसे साठवून तिकीट काढते, त्याला वर बाबागाडीचे काही हजार जड जातात. इथे समाज म्हणून आपण काही करू शकतो. अनेक गावांत जमाती, ट्रस्ट आणि मंडळे रुग्णांसाठी व्हीलचेअर, वॉकर, पाण्याच्या गाद्या अनामत घेऊन वापरायला देतात. त्याच खोलीत चार हलक्या बाबागाड्या ठेवा. मुले दोन-तीन वर्षांत मोठी होतात आणि घराघरांत गाड्या माळ्यावर धूळ खात पडतात. त्या गोळा करा, पट्टे आणि ब्रेक तपासा, धुऊन ठेवा. हे काम कॉलेजातली मुले-मुली एका रविवारात करू शकतील.

आणि रस्त्याचे काय? ज्या मोहल्ल्यात गटारावरची लादी फुटलेली आहे आणि फूटपाथ गाड्यांनी अडवलेला आहे, तिथे सर्वांत महागडी बाबागाडीही चालत नाही. तिथे व्हीलचेअरही चालत नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये झाला. सार्वजनिक ठिकाणी सर्वांना वावरता यावे यासाठीचे नियम बंधनकारक करा, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात केंद्र सरकारला सांगितले. व्हीलचेअरसाठी केलेला उतार बाबागाडीलाही लागतो, हातगाडीवाल्याला आणि गुडघे दुखणाऱ्या दादीलाही. म्हणून वॉर्डात निवेदन द्यायला जाल तेव्हा तरुण आयांना आणि व्हीलचेअर वापरणाऱ्यांना एकत्र घेऊन जा. मागणी एकच आहे.

पुढच्या ईदला बेत ठरेल तेव्हा तिकिटांच्या हिशेबाशेजारी एका कागदावर दोन गोष्टी लिहा: गाडी कोण कधी ढकलणार आणि कोणत्या पाळण्याला कोण बाहेर थांबणार. यादी करताना घरातल्या मुलग्यांना जवळ बसवा. बापाचे नाव त्या कागदावर आईइतक्याच वेळा आलेले त्यांना दिसू द्या.