विश्लेषण : क्लच गेला की गिअरबॉक्स? आधी ऐका, मग गाडी खोला!

गाडी दहा-पंधरा वर्षांची झाली की खालून काहीतरी घरघरू लागते. गॅरेजमध्ये नेली की बहुतेकदा दोनच उत्तरे मिळतात, 'क्लच गेला' किंवा 'गिअरबॉक्स उतरवावा लागेल'. ही उत्तरे बरोबर असूही शकतात. पण ती गाडी चालवून न पाहता, उभ्या उभ्या दिली गेली असतील, तर मालकाने होकार देण्याची घाई करू नये. मॅन्युअल गिअरच्या जुन्या गाडीत दोष ओळखण्याचे सर्वात स्वस्त साधन मालकाकडेच असते, ते म्हणजे त्याचे कान.

घाई का नको?

खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी करून ती 5 वर्षांसाठी वाढवता येते. नवी गाडी परवडत नसलेली अनेक कुटुंबे जुनीच गाडी सांभाळतात. त्यांच्यासाठी क्लचचे बिल म्हणजे महिन्याचे अंदाजपत्रक कोलमडणे. त्यातच क्लच प्लेट बाहेरून दिसत नाही. ती इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये बंद असते, त्यामुळे ती पाहायची तर बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. खरी मजुरी याचीच असते, सुटा भाग शंभराचा असो वा हजारांचा. निदान चुकले तर ही मजुरी दोनदा भरावी लागते आणि आवाज जागच्या जागी राहतो.

म्हणूनच आवाज 'कसला' आहे यापेक्षा तो 'केव्हा' येतो, हा प्रश्न महत्त्वाचा. एकाला जी खरखर वाटते ती दुसऱ्याला घरघर वाटते. पण आवाज क्लच दाबल्यावर आला की सोडल्यावर, सरळ रस्त्यावर आला की वळणावर, यात मतभेद होत नाहीत.

क्लच दाबल्यावर आत काय घडते?

पाय पेडलवर नसतो तेव्हा इंजिनचे फ्लायव्हील, क्लच प्लेट आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट एकत्र फिरतात. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असली तरी हा शाफ्ट फिरतच असतो. पेडल पूर्ण दाबले की रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या पात्यांवर दाब देते, क्लच प्लेट सुटते आणि न्यूट्रलमध्ये इनपुट शाफ्ट थांबतो. म्हणजे पेडल दाबल्याने एक भाग कामाला लागतो आणि दुसरा विश्रांती घेतो. निम्मे निदान इथेच होते.

उभ्या गाडीत काय तपासावे?

सपाट जागी हँडब्रेक लावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, इंजिन चालू करा, काच खाली घ्या, एसी आणि गाणी बंद करा.

• पेडल दाबल्यावर खरखर सुरू होत असेल आणि सोडल्यावर थांबत असेल, तर पहिला संशय रिलीज बेअरिंगवर.

• पेडल वर असताना घरघर येत असेल आणि पूर्ण दाबल्यावर जात असेल, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे बेअरिंग पाहावे लागेल. गिअर ऑइल कमी असले तरीही असाच आवाज येतो, म्हणून आधी ऑइलची पातळी तपासून घ्या.

• पेडलवर पाय नुसता टेकवताच चिवचिव थांबत असेल, तर पुन्हा रिलीज बेअरिंग किंवा त्याला ढकलणाऱ्या फोर्कवर संशय घ्यावा. एवढ्या हलक्या दाबाने इनपुट शाफ्ट थांबत नाही, त्यामुळे त्याच्यावर आळ घेता येत नाही.

• विशिष्ट वेगावर पत्रा थरथरल्यासारखा आवाज येत असेल, तर सायलेन्सरभोवतीचा उष्णतारोधक पत्रा सैल झाला आहे का ते आधी पाहा. हा आवाजही अनेकदा गिअरबॉक्सच्या खात्यावर जमा होतो.

गिअर टाकताना 'खर्र' का होते?

सगळेच गिअर पडताना त्रास देत असतील आणि रिव्हर्स टाकताना हमखास 'खर्र' होत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नसण्याची शक्यता जास्त. केबलच्या गाडीत केबल ताणली गेलेली असू शकते, हायड्रॉलिक गाडीत तेल गळत असू शकते. ही दोन्ही कामे बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स न उतरवता होतात. पण 'खर्र' फक्त दुसऱ्या किंवा तिसऱ्याच गिअरला होत असेल, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजलेली असण्याची शक्यता आहे. तेव्हा क्लच बदलून उपयोग होत नाही.

रिव्हर्समध्ये गाडी मागे घेताना येणारी शिटी मात्र बहुतेक गाड्यांत दोष नसतो. या गिअरचे दाते सरळ कापलेले असतात, म्हणून तो मुळातच आवाज करतो.

चालत्या गाडीतली घरघर कशी ओळखावी?

सपाट, मोकळ्या रस्त्यावर 50-60 किलोमीटरच्या वेगात काही सेकंद क्लच दाबून धरा. इंजिन बंद करू नका आणि हा प्रयोग घाटात तर मुळीच करू नका. इंजिनचे फेरे उतरूनही घरघर तशीच राहिली, तर इंजिन संशयातून सुटते. मग टायर, चाकाचे बेअरिंग आणि डिफरन्शियल यांच्याकडे वळायचे. आवाज क्लच दाबताच गेला, तर इंजिन, सायलेन्सर किंवा भार घेणारे गिअर तपासावे लागतील.

टायर आणि बेअरिंग यांच्यातला फरक रस्ता सांगतो. डांबरावरून काँक्रीटवर जाताच आवाज बदलला, तर तो बहुधा टायरचा. रस्ता बदलूनही तोच राहिला आणि वळणावर वाढला किंवा घटला, तर बेअरिंगचा. उजवीकडे वळताना गाडीचा भार डावीकडे जातो. तेव्हा घरघर वाढत असेल, तर डाव्या बाजूचे चाक आधी वर उचलून हलवून पाहायला सांगा.

वळणावर टकटक, उचल घेताना 'धप्प'?

इथे गाडीची रचना लक्षात घ्यावी लागते. मारुती 800, इंडिका, स्विफ्ट यांची पुढची चाके गाडी ओढतात, तर ॲम्बेसेडर, ओम्नी, बोलेरो यांना मागची चाके ढकलतात. पुढच्या चाकांच्या गाडीत स्टीअरिंग पूर्ण वळवून उचल घेताना 'कट-कट-कट' आले, तर ड्राइव्ह शाफ्टचा चाकाकडचा जॉइंट झिजला असे समजावे. त्यावरचा रबरी बूट फाटला की ग्रीस बाहेर पडते आणि धूळ-पाणी आत शिरते. वेळीच लक्षात आले तर बूट आणि ग्रीस यांवर भागते, टकटक सुरू झाल्यावर जॉइंटच बदलावा लागतो.

मागच्या चाकांच्या गाडीत क्लच सोडताच खालून 'टक' असा ठोका आला, तर प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस तपासा. दोन्ही प्रकारच्या गाड्यांत उचल घेताना किंवा ॲक्सिलरेटर सोडताना 'धप्प' होत असेल, तर इंजिनचे फाउंडेशन रबर बसलेले असू शकते. हे तुलनेने किरकोळ काम, पण तेही 'क्लच धक्का मारतोय' या नावाखाली मोठे होऊ शकते.

आवाज नाही म्हणजे क्लच ठीक?

नाही. क्लचचा सर्वात घातक दोष मुकाच असतो. चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन ओरडते पण गाडी वेग घेत नाही, जळका वास येतो, तेव्हा प्लेट घसरते आहे. भरल्या गाडीने खंबाटकी किंवा कसारा चढताना ती साथ सोडू शकते. अशी गाडी लांबच्या प्रवासाला नेऊ नये. वाहतूक कोंडीत तासन्‌तास हाफ क्लचवर चालवणे आणि पेडलवर पाय टेकवून ठेवणे, या दोन सवयी प्लेटचे आयुष्य खातात.

गॅरेजवाल्यांचे म्हणणे काय?

ग्राहकाला आवाजाचे वर्णन नीट करता येत नाही, प्रत्येक गाडी फिरवून आणायला वेळ कुठला, असे मेकॅनिक म्हणतात. त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे. मुरलेला मेकॅनिक दहा सेकंदांत दोष ओळखतो, हेही खरे. पण मग त्याच दहा सेकंदांसाठी त्याने मालकासोबत गाडीत बसायला हरकत नसावी. स्कॅनर लावून हे काम होत नाही. जुन्या मॅन्युअल गाडीत झिजलेल्या बेअरिंगची वर्दी देणारा सेन्सर नसतो.

ग्राहकाने काय मागावे?

तीन गोष्टी. अंदाजपत्रकाआधी मेकॅनिकसोबत एक फेरी, अंदाजपत्रकात नेमक्या भागांची नावे आणि काम झाल्यावर जुने भाग परत. सोबत आवाज केव्हा येतो, थंड इंजिनावर की तापल्यावर, कोणत्या गिअरमध्ये, किती वेगाला, हे चार ओळींत लिहून न्यावे. फोनवर ध्वनिमुद्रण केले तर उत्तमच.

ग्राहकानेही एक गोष्ट मान्य करायला हवी. गिअरबॉक्स खरोखरच उतरवावा लागला, तर फक्त रिलीज बेअरिंग बदलून पैसे वाचवण्याचा हट्ट धरू नये. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकत्र बदलावे, फ्लायव्हीलचा पृष्ठभाग पाहून घ्यावा आणि इंजिनचे मागचे ऑइल सील गळत असेल तर तेही बदलावे. नाहीतर गळणारे तेल नव्या प्लेटवर येईल आणि काही महिन्यांत हीच मजुरी पुन्हा भरावी लागेल.

जुनी गाडी आवाज करणारच, म्हणून प्रत्येक आवाजाला घाबरायचे कारण नाही. मात्र आवाज कोठून येतो हे ठरण्याआधी पाना लागता कामा नये, एवढा आग्रह मालकाने धरायलाच हवा.