गोळी परस्पर बंद करू नका

दिवस राहिल्याचं कळलं की घरात पहिली गदा येते ती मानसिक आजाराच्या गोळ्यांवर. "बाळाच्या मेंदूला बाधेल, बंद कर त्या," असं सासूबाई म्हणतात, आई म्हणते, कधी मेडिकलवालाही म्हणतो. काळजीपोटीच म्हणतात. तरीही कळकळीने सांगते, ताईंनो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी सोडू नका.

आधी स्ट्रिप हातात घ्या. कंपनीचं ठळक नाव सोडा. त्याच्या आसपास बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव असतं, ते वाचा. इंग्रजी वाचता येत नसेल तर शिकलेल्या मुलीला किंवा आशाताईंना वाचायला सांगा. तिथे सोडियम व्हॅल्प्रोएट किंवा डायव्हॅल्प्रोएक्स असेल, तर भीती खरी आहे. फिट येणाऱ्यांना आणि बायपोलरच्या रुग्णांना हे औषध आपल्याकडे सर्रास दिलं जातं. पोटात असताना ते मिळालेल्या दर 100 मुलांपैकी सुमारे 10 मुलांत जन्मतः व्यंग आढळतं. 30 ते 40 मुलं बोलायला, चालायला, शिकायला मागे पडतात. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये फिटचा आजार असलेल्या मातांच्या मुलांचा अभ्यास झाला, तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. सहाव्या वर्षी व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या आयांच्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी 97 भरला, फिटची दुसरी औषधं घेणाऱ्यांच्या मुलांचा 105 ते 108. म्हणूनच ब्रिटनने 2018 पासून, गर्भधारणा टाळण्याची पक्की व्यवस्था नसेल तर मूल होण्याच्या वयातल्या बाईला हे औषध देऊ नये, असा नियम केला.

आपल्याकडे मात्र विशीतल्या मुलीला ते सुरू होतं, लग्न ठरतं, आणि पुढे मूल हवं का, कधी हवं, हे तिला कुणी विचारत नाही. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी पाळी चुकल्यावर दोनेक आठवड्यांतच मिटते. त्यानंतर औषध बदलून या नळीचं व्यंग टळत नाही. तेव्हा बदल करायचा तो दिवस राहण्याआधी, आणि फॉलिक ॲसिडही आधीपासूनच घ्यायचं, डॉक्टर सांगतील त्या मात्रेत. व्हॅल्प्रोएट चालू असतानाच दिवस गेले असतील, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठा. तोवर गोळी चालू ठेवा. एकदम सोडली तर फिट उलटते, आणि ती आई-बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकते.

बाकीच्या गोळ्यांना याच मापाने मोजू नका. लिथियमने बाळाच्या हृदयाला थोडा धोका असतो आणि तो मात्रेप्रमाणे वाढतो; शिवाय गरोदरपणात रक्तातली त्याची पातळी बदलते, म्हणून तपासणी वरचेवर लागते. नैराश्यासाठी सर्ट्रालीनसारख्या गोळ्या घेणाऱ्या बायकांना सगळ्यात जास्त घाबरवलं जातं ते स्वमग्नतेचं नाव घेऊन. 2017 मध्ये स्वीडनमधल्या एका मोठ्या अभ्यासाने सख्ख्या भावंडांची तुलना केली. एकाच्या वेळी आईने सुरुवातीच्या महिन्यांत नैराश्याची गोळी घेतली होती, दुसऱ्याच्या वेळी नाही. स्वमग्नतेत किंवा अतिचंचलतेत फरक दिसला नाही. काही बाळं जन्मल्यावर थोडे दिवस चिडचिडी, थरथरती असतात. बहुतेक वेळा ते आपोआप शमतं.

गोळी सोडण्याचीही किंमत असते, ती मात्र कुणी मोजत नाही. 2006 मध्ये अमेरिकेत नैराश्याचा जुना आजार असलेल्या गरोदर बायकांची पाहणी प्रसिद्ध झाली. गोळी सोडलेल्यांपैकी 68 टक्के पुन्हा आजारी पडल्या, चालू ठेवलेल्यांपैकी 26 टक्के. जेवण नाही, झोप नाही, तपासणीला जायचं त्राण नाही, मनात मरणाचे विचार. अशा आईच्या पोटातलं बाळ सुरक्षित कसं?

आणखी एक. सातव्या महिन्यात मुलगी माहेरी येते आणि मानसोपचाराची फाईल सासरी राहते, पुष्कळदा मुद्दाम, लोकांना कळू नये म्हणून. बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांना मग काहीच माहीत नसतं. फाईल सोबत आणा, दोन्ही डॉक्टरांचं एकमेकांशी बोलणं करून द्या. बायपोलर असलेल्या बाईला बाळंतपणानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे सगळ्यात जड असतात. बाळाला रात्री दुसऱ्या कुणीतरी सांभाळावं, तिची झोप मोडू देऊ नये. ती अजिबात झोपेनाशी झाली, असंबद्ध बोलू लागली, तर बाहेरचं काही लागलंय म्हणत दिवस घालवू नका, लगेच दवाखान्यात न्या. कुणाशी बोलावं ते सुचत नसेल तर 14416 हा सरकारी टेलिमानसचा नंबर लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.